आत्याच्या नावाच्या चारशे बारा सह्या

४ फेब्रुवारी

बबडे,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. आज रागाने लिहितेय आणि राग उतरायच्या आत पाकीट चिकटवणार आहे.

काल दुपारी इस्पितळाचं रजिस्टर पत्र आलं. मला वाटलं, निवृत्त मंडळींचा काहीतरी कार्यक्रम असेल. सही करून घेतलं, चष्मा लावला आणि दारातच उभी राहिले. त्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवते, नाहीतर तुला वाटेल आत्या तिखटमीठ लावतेय. ‘दिनांक १२ जानेवारी रोजी दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी आपण आपल्या लॉगिनद्वारे रक्ताच्या पिशवीस अंतिम मंजुरी दिल्याचे, व सदर पिशवी रुग्णाच्या रक्तगटाशी विसंगत असल्याचे आढळून आले आहे. आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.’

मी! १२ जानेवारीला! अगं, मी निवृत्त झाले ३१ ऑक्टोबरला, तेही गेल्या नव्हे, त्याच्याही आधीच्या वर्षी. चौदा महिने उलटून गेले. त्या दिवशी चार वीसला मी घरात एकटी पडद्यांना इस्त्री करत होते. साक्षीदार कोण, तर पडदे.

एकतीस वर्षं मी त्या रक्तपेढीत काढली. एकाने तपासायचं, दुसऱ्याने पहिल्याला काही न विचारता पुन्हा तपासायचं, आणि दुसऱ्याची मंजुरी पडली की मगच पिशवी खिडकीतून बाहेर. ती दुसरी मी असायचे. एक पिशवी चुकीची गेली नाही, बबडे. एक. आणि आता ही माणसं मला सांगतात, तुम्ही घरबसल्या एका बाईच्या अंगात भलतंच रक्त सोडलंत.

शेवटच्या दिवशी संगणक विभागाकडून तूच आली होतीस ना फॉर्म घेऊन? ‘आत्या, तुझं खातं काढायचा मान माझा’ म्हणालीस. मी सही केली, तू सही केलीस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते खातं मेलं की नाही? मेलं असेल तर सही कोणी केली?

फोनवर तू ‘हो आत्या, बघते आत्या’ म्हणून सटकतेस. कागदावर सटकता येत नाही. लिहून पाठव. आणि ती बाई कशी आहे तेही लिही. अख्ख्या पत्रात तिच्याबद्दल एक अक्षर नाही.

तुझी
आत्या

१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. आधी त्या बाईचं सांगते. शाळेच्या बसची ड्रायव्हर आहे, बाळंतपणानंतर रक्त चढवत होते. वॉर्डातल्या सिस्टरच्या लक्षात आलं की ती थरथरतेय, त्यांनी तत्क्षणी नळी बंद केली. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती, आता वॉर्डात आहे. मूत्रपिंडांना मार बसलाय, पण डॉक्टर म्हणतात सुधारेल. मूल ठीक आहे.

तुझ्या नोटिशीबद्दल मी एवढंच सांगू शकते की चौकशी चालू आहे आणि काहीतरी तांत्रिक चूक असणार. आपली यंत्रणा कडक आहे, नुसत्या पासवर्डने कोणी आत येत नाही, कार्डही घासावं लागतं. त्यामुळे कुठेतरी नोंदींचा घोळ झाला असेल. तू खुलाशात फक्त निवृत्तीची तारीख लिही. जास्त काही लिहू नकोस, आणि वर्तमानपत्रवाल्या कोणाशी बोलू नकोस. आमच्या विभागातल्या सगळ्यांचे फोन आणि ईमेल इस्पितळाच्या चौकशी समितीने बघायला मागितलेत, म्हणून फोन टाळतेय. राग मानू नकोस.

एक विचारायचं होतं. तुझा पासवर्ड कोणाला माहीत होता का? सहज विचारतेय.

बाबा तुझी आठवण काढतात. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझी
बबडी

१४ फेब्रुवारी

बबडे,

‘तांत्रिक चूक’ हा शब्द पुन्हा लिहिलास तर पत्र न वाचता परत पाठवीन. माझ्या टेबलावर कधी तांत्रिक चूक झाली नाही. नळी फुटली तर कोणीतरी फोडलेली असायची. चिठ्ठी चुकली तर कोणीतरी चुकीची चिकटवलेली असायची. त्या माणसाला नाव असायचं, आणि तो समोर उभा राहून ‘मी केलं’ म्हणायचा. तेवढं म्हटलं की मी त्याला ओरडायचे, चहा पाजायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. तुमच्या खोलीत मात्र माणसं नसतातच वाटतं. तिथे सगळं आपोआप होतं.

पासवर्ड कोणालाही माहीत नव्हता. सहज विचारलंस म्हणून सहज सांगते. कोणालाही म्हणजे कोणालाही नाही.

खुलासा पाठवला. एक ओळ नाही, साडेतीन पानं. तुझा सल्ला मानला नाही. निवृत्तीची तारीख लिहून गप्प बसायला मी काय चोरी करताना सापडले आहे? इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनाच थेट विचारलंय की माझ्या जागी तुम्ही चौदा महिन्यांत कोणाला नेमलंत त्याचं नाव कळवा. त्यांचा उलट फोन आला होता. आवाज अगदी लोण्यासारखा. ‘ताई, हल्ली घरूनही लॉगिन करता येतं, तुम्हाला आठवत नसेल, वयानुसार होतं असं.’ मी म्हटलं, ‘साहेब, माझ्या घरी संगणकच नाही. आणि वय म्हणाल तर तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी मोठे आहात, मुदतवाढीवर आहात एवढंच.’ फोन ठेवला त्यांनी.

आता तुझ्याबद्दल. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ते माझ्या भाचीचं वाटत नाही, कुठल्यातरी कार्यालयाचं वाटतं. तुला माझी लाज वाटतेय का? तसं असेल तर सरळ लिही. तुला वाटत असेल की आत्या म्हातारी झाली, कुठेतरी काहीतरी दाबून बसली असेल, तर तेही लिही. मला सहन होईल. ही गुळमुळीत भाषा सहन होत नाही.

आत्या

२७ फेब्रुवारी

आत्या,

तेरा दिवस उत्तर दिलं नाही. चार कागद फाडले. हा पाचवा, आणि हा फाडणार नाही.

मला तुझी लाज वाटत नाही. माझी वाटते.

तुझं खातं मी काढलंच नाही.

निवृत्तीच्या दिवशी टाळ्या वाजवून झाल्यावर मी फॉर्म घेऊन आमच्या खोलीत आले. यंत्रणा उघडली, तुझं नाव समोर होतं. तेवढ्यात मोठे साहेब आत आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘ताईंच्या जागी माणूस मिळेपर्यंत राहू दे ते. रक्तपेढीत अंतिम मंजुरी द्यायचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाहीये. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.’ मी म्हटलं, ‘साहेब, फॉर्मवर काय लिहू?’ ते म्हणाले, ‘फॉर्म पूर्ण दिसला पाहिजे.’ मग मी ‘खाते काढले’ या चौकटीत खूण केली. खाली सही केली. तीच सही, ज्यावर तू विश्वास ठेवलास.

अजून आहे. दर महिन्याला माझ्याकडे कोणतं खातं किती वापरलं याची यादी येते. न वापरलेली खाती शोधून बंद करायची, त्यासाठी. तुझं खातं त्यात कधीच आलं नाही, कारण ते रोजच्या रोज वापरलं जात होतं. वापरात असलेल्यांच्या यादीत तुझं नाव असायचं. चौदा महिने, चौदा याद्या. मी प्रत्येक वेळी बघितलं आणि पान उलटलं. दुसऱ्या महिन्यात वाटलं, साहेबांना विचारू. पाचव्या महिन्यात वाटलं, आता विचारलं तर ‘इतके दिवस काय करत होतात’ म्हणतील. त्याच्यापुढे काही वाटायचं बंद झालं.

तू गेल्यापासून तुझ्या नावावर चारशे बारा मंजुऱ्या पडल्यात, एकेका रुग्णासाठी एकेक.

आता आजचं. साहेबांनी लेखी आदेश दिलाय की तुझं खातं सोमवारपर्यंत ‘समूळ’ काढून टाकायचं. सोमवारी दुपारी बाहेरची तपासणी समिती येतेय. वरून हे बरोबरच दिसतं. निवृत्त माणसाचं खातं राहिलंय, काढा. पण यातली मेख तुला सांगते. आपल्या यंत्रणेत नाव एकाच जागी असतं, बाकी सगळीकडे नुसता नंबर. तुझा नंबर ११७. कागद छापताना यंत्रणा ११७ कोण ते बघते आणि तुझं नाव उमटवते. खातं समूळ काढलं की त्याच्याबरोबर त्याचा सगळा इतिहास जातो. कोण कधी आत आलं, कुठल्या टेबलावरच्या संगणकावरून, किती वेळ होतं, सगळं. साहेबांच्या फायलीत मात्र १२ जानेवारीचा छापलेला कागद आहेच, त्यावर तुझं नाव. म्हणजे तू ते केलंस असं सांगणारा कागद राहील, आणि तू ते केलं नाहीस हे सांगणारं सगळं पुसलं जाईल. माझ्या हाताने.

उरलेला नंबर उद्या कोणा नव्या माणसाला दिला, तर तुझं आधीचं सगळं कामही त्याच्या नावावर दिसेल. म्हणून आम्हाला शिकवतात की खातं आधी बंद करायचं, त्याच्या मागे काय काय आहे ते मोजून दुसऱ्याच्या हवाली करायचं, नोंदी जपायच्या, मग काढायचं, आणि नंबर पुन्हा कोणालाच द्यायचा नाही. हे सगळं मला पाठ आहे. परीक्षेत पहिली आले होते मी.

एक गोष्ट अजून समजत नाही. चारशे बारा वेळांत एकदाही पासवर्ड चुकलेला नाही. अंदाजाने टाकणाऱ्याचा पहिल्यांदा तरी चुकतो. आत्या, मी पुन्हा विचारतेय, आणि या वेळी सहज विचारत नाहीये.

बबडी

१ मार्च

तू चौदा वेळा बघितलंस.

मी हे वाक्य लिहून अर्धा तास बसले आहे. त्या साहेबाने सांगितलं हे मला कळतं. तो तसाच आहे, माणूस नेमण्यापेक्षा माणसाचं नाव वापरणं त्याला स्वस्त पडलं. पण तू? तू पाचवीत असताना मी तुला रक्तपेढीत आणलं होतं, भिंगाखाली रक्त दाखवलं होतं. तू विचारलं होतंस, ‘आत्या, हे कोणाचं आहे?’ त्या वयात तुला ठाऊक होतं की ते कोणाचं तरी असतं.

नको, आज एवढंच.

२ मार्च

कालचा कागद टाकून देणार होते. नाही टाकत. राग खरा होता, तो तुझ्याकडे पोचू दे. पण आज सकाळी तुझा शेवटचा प्रश्न पुन्हा वाचला आणि आता माझी पाळी आहे.

पासवर्ड बारकीला माहीत होता.

बारकी म्हणजे माझ्या हाताखालची तंत्रज्ञ, तू ओळखतेस तिला, स्टुलावर चढल्याशिवाय जिचा हात वरच्या फडताळाला पोचत नाही ती. शेवटच्या दिवशी निरोपाचा हार गळ्यात घेऊन मी खोलीत परत आले तर ती रडकुंडीला आलेली. बाहेर अपघाताचे तीन पेशंट, सहा पिशव्या तपासून तयार, आणि दुसऱ्या दिवसापासून मंजुरी द्यायला कोणी नाही. साहेबांना मी तीन महिने आधीपासून लिहीत होते की माणूस द्या. ‘होतंय, होतंय.’ मी माझं कार्ड खणात ठेवलं, एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि तिला म्हटलं, ‘अगदीच अडलं तर.’ मला खात्री होती की तुम्ही दोन दिवसांत खातं काढालच. खणातलं कार्ड निरुपयोगी होणार म्हणूनच ठेवलं, असं मी स्वतःला सांगत आले.

ते खोटं आहे. मला ते चालायला हवं होतं. माझ्या मागे काम अडू नये, माझ्या नावाने चालावं, याचा मला अभिमान वाटला होता. आणि तुला मी लिहिलं, ‘कोणालाही म्हणजे कोणालाही नाही’. दोनदा लिहिलं. खोटं बोलणारा माणूस दोनदा सांगतो हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं.

म्हणजे तपासणारी बारकी, आणि माझं कार्ड घासून पुन्हा मंजुरी देणारीही बारकीच. दुसरं कोणी बघितलंच नाही. मी नसताना माझं नाव तिथे राखण करत बसलं होतं.

सोमवारी काय करायचं ते मी तुला सांगणार नाही. सांगितलं तर तू ते आत्यासाठी केलंस असं होईल, आणि तो माणूस नेमकं तेच म्हणेल.

आत्या

१३ मार्च

प्रिय आत्या,

आधी बातमी. मी निलंबित आहे, घरी आहे, बाबांना सगळं सांगितलंय. ते तुझ्यावर चिडलेत, माझ्यावर चिडलेत आणि दोन दिवस शेजाऱ्यांवरही चिडले होते. आता जेवतात नीट.

सोमवारचं सांगते. सकाळी लवकर पोचले. भांडारपाल आणि ग्रंथपाल बाई यांना साक्षीला बोलावलं, दोघांचाही रक्तपेढीशी संबंध नाही. पहिल्यांदा तुझं कार्ड रद्द केलं, मग पासवर्ड बंद. तुझ्या नावाने दर सोमवारी एक साठ्याचा अहवाल आपोआप निघत होता, कोणाच्या लक्षातही नव्हतं. तो थांबवला आणि रक्तपेढीच्या नावावर केला. मग खात्याच्या मागची एकेक गोष्ट यादीत लिहिली. सगळ्या नोंदी दोन डिस्कांवर उतरवल्या, पाकिटं लाखेने बंद केली, तिघांच्या सह्या. अकरा वाजले.

सव्वाअकराला साहेब आले.

‘काढलं का?’

‘बंद केलंय साहेब. काढलेलं नाही.’

‘फरक काय?’

‘बंद खात्यातून कोणी आत येऊ शकत नाही. पण आत काय झालं ते दिसतं.’

त्यांनी दार लोटून घेतलं. साक्षीदार दोघं आतच होते, हे त्यांनी आधी बघितलं नव्हतं. ‘आदेश वाचलात ना? समूळ लिहिलंय.’

‘वाचला. नोंदींसकट नष्ट करा असं त्यात लिहिलेलं नाही. तसं हवं असेल तर तेवढं वाक्य लिहून द्या, मी लगेच करते.’

मग त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला, तू म्हणतेस तसा. ‘त्या तुमच्या आत्या आहेत. तुम्ही यात न पडलेलं बरं. भावनेच्या भरात माणूस स्वतःचंही नुकसान करून घेतो. तो निवृत्तीचा फॉर्म कोणाच्या सहीचा आहे, आठवतंय ना?’

आत्या, चौदा महिने मी याच वाक्याला घाबरत होते. ते प्रत्यक्ष कानावर पडलं तेव्हा भीती गेली आणि संताप आला. मी फाईल उघडली, फॉर्म काढला आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या पाकिटात घातला. म्हटलं, ‘हाही समितीकडे जातोय साहेब. तुम्ही त्या दिवशी खुर्ची ओढून बसला होतात, तेही मी लिहून दिलंय.’ ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, ‘आणि मी आत्ताचं लिहीन.’

चार वाजता निलंबनाचा कागद हातात पडला. त्याआधी पाकिटं समितीच्या हवाली झाली होती.

नोंदी काय सांगतात ते ऐक. चारशे बाराच्या चारशे बारा मंजुऱ्या एकाच टेबलावरच्या संगणकावरून दिल्या आहेत, त्याच जिथून तपासणीची पहिली सही झाली. घरून एकही नाही. पहिली सही आणि तुझ्या नावाची दुसरी सही यांत सरासरी अंतर अकरा सेकंद. १२ जानेवारीला नऊ.

एक पिशवी पुन्हा तपासायला तुला किती वेळ लागायचा?

बबडी

२९ मार्च

बबडे,

मला सहा मिनिटं लागायची. घाईत पाच. नऊ सेकंदांत कार्ड घासून होतं फक्त.

काल समितीसमोर जाऊन आले. तुला पुढच्या आठवड्यात बोलावलंय, म्हणून आधी लिहून टाकते. मोठी खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं. अध्यक्ष बाहेरून आलेल्या डॉक्टर बाई, केस पांढरे, पेन्सिलीने लिहितात. टेबलाच्या अलीकडे, माझ्या डाव्या हाताला मोठे साहेब, पुढ्यात पाण्याचा पेला. भिंतीकडेच्या खुर्चीत बारकी, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, ‘तुम्ही पासवर्ड कोणाला दिला होता का?’

‘दिला होता. हिला. कार्डही मीच खणात ठेवलं.’

साहेबांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की काय सांगू! ‘बघा,’ ते म्हणाले, ‘व्यक्तिगत पातळीवरचा निष्काळजीपणा. व्यवस्थेत दोष नाही.’

बारकी एकदम उठली. आजवर तिचा आवाज मी खोलीबाहेर गेलेला ऐकला नव्हता. ‘मी एकटीच होते साहेब! चौदा महिने एकटी! मी तुमच्याकडे नऊ वेळा आले. तुम्ही म्हणालात, काम थांबता कामा नये, कसं करायचं ते तुम्ही बघा. त्या दिवशी खिडकीशी चार नातेवाईक, दोन फोन वाजतायत, आणि एका नळीवरची चिठ्ठी मी दुसऱ्या नळीला लावली. दुसरं कोणी बघणारं असतं तर सापडली असती ना ती?’ आणि मग खाली बसून रडली.

मी माझी खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेऊन ठेवली. शिपाई ‘बाई, बाई’ करत धावला. मी म्हटलं, ‘माझं उत्तर अजून संपलेलं नाही, पण ते मी इथून देणार आहे. मी चुकले. हिची चिठ्ठी चुकली. माझ्या भाचीने खोटी खूण केली, ते ती पुढच्या आठवड्यात येऊन सांगेल. आम्ही तिघी आपापली चूक पदरात घेऊन तुमच्यापुढे आलोय. या साहेबांनी काय आणलंय, पाण्याचा पेला?’

अध्यक्ष बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. साहेबांना विचारलं, ‘ते पद रिकामं का राहिलं?’

‘प्रस्ताव विचाराधीन होता.’

‘कोणाच्या?’

साहेब पाणी प्यायले. अख्खा पेला, बबडे. आणि उत्तर काय दिलं, तर ‘तपासून कळवतो.’

तू जाशील तेव्हा हळू बोल, पण पूर्ण बोल. माझा राग अजून गेलेला नाही, तुझ्यावरचाही. पण सोमवारी तू त्या खोलीत जे केलंस ते मी दादाला, तुझ्या बाबांना, फोन करून सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज फुगला होता, असं तो म्हणाला.

आत्या

२१ जून

प्रिय आत्या,

निकाल लागला. तुझ्याकडे अधिकृत पत्र येईलच, पण त्यांच्या भाषेत ते तुला कळेपर्यंत तुझा रक्तदाब वाढेल, म्हणून मी आधी लिहिते.

तुझ्यावर ठपका नाही, ‘नोंद घेतली’ आहे. मला ताकीद, कामावर परत, पण खाती सांभाळायचं काम दोन वर्षं एकटीने करायचं नाही. मला ते मान्य आहे. बारकीला रक्तपेढीतून हलवून दुसऱ्या विभागात टाकलंय. तिच्या जागी आता दोघी नेमल्यात, शिवाय अंतिम मंजुरीला एक वेगळी अधिकारी. दोन महिन्यांत जमणार होतं, चौदा महिन्यांत जमलं नव्हतं, ते समितीच्या एका पत्राने तीन आठवड्यांत जमलं.

आता खुर्चीत बस. साहेबांना ‘समज’ देण्यात आली आणि त्यांची बदली झाली. मुख्यालयात. रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कक्षाचे प्रमुख म्हणून. खोली मोठी आहे म्हणे. मी हे वाचलं तेव्हा ग्रंथपाल बाई माझ्याजवळ होत्या. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, कारण मी तो चुरगाळायला लागले होते.

काल तुझं खातं काढलं. समितीची परवानगी आली होती. मी आणि नवी सहकारी, दोघींनी मिळून. ती एक पायरी वाचायची, मी करायचे, ती बघायची. यंत्रणेत ११७ हा नंबर आता कायमचा राखून ठेवलाय, कोणालाही मिळणार नाही. तुझ्या खऱ्या कामापुढे तुझंच नाव उमटतं, त्याच्या पुढे ‘सेवानिवृत्त’ आणि तारीख. आणि त्या चारशे बारा मंजुऱ्यांपुढे लिहिलंय, ‘ही मंजुरी नाव असलेल्या व्यक्तीने दिलेली नाही.’ शेवटी यंत्रणेने विचारलं, खात्री आहे का. आम्ही दोघींनी यादी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. वीस मिनिटं लागली. मग मी ‘हो’ दाबलं.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसतीच भूक लागली.

तुझी
बबडी

८ जुलै

बबडे,

काम नीट केलंस. वीस मिनिटं हे ऐकून बरं वाटलं.

मी त्या बाईला भेटून आले. पत्ता समितीच्या डॉक्टर बाईंनी तिला विचारून मग दिला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिन्यात सायकल, दाराला बसच्या आकाराची चावी अडकवायची पाटी. तिने दार उघडलं, मी कोण ते सांगितलं. ती बाजूला झाली नाही. दारातच उभी.

‘तुम्ही माफी मागायला आलात का?’

मी म्हटलं, ‘हो.’ मनात बरंच काही घेऊन गेले होते, माझं नाव कसं वापरलं, मी तिथे नव्हतेच, वगैरे. ‘हो’ एवढंच निघालं.

मग तिने आत बोलावलं. अजून फार वेळ उभं राहवत नाही तिला, बस चालवायला डॉक्टर अजून तीन महिने नको म्हणतात. मूल पाळण्यात झोपलं होतं, पण ती त्याला उचलायला भावाला हाक मारते, कारण वाकून उठताना चक्कर येते. हे ती रडत सांगत नव्हती, चिडून सांगत होती. ‘माझंच मूल, आणि मला उचलून द्यायला माणूस लागतो.’

मी तिला सगळं सांगितलं. काही मऊ केलं नाही. कार्ड, चिठ्ठी, नऊ सेकंद, साहेब, तू. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, ‘असं किती वेळा झालं?’

‘चारशे बारा वेळा.’

‘म्हणजे मी सोडून चारशे अकरा.’

‘हो.’

‘त्या चारशे अकरा जणांना कोणी कळवलं का?’

बबडे, पाच महिने मी रागावले आहे. माझ्या नावासाठी, तुझ्यासाठी, बारकीसाठी. साडेतीन पानांचा खुलासा लिहिला, समितीसमोर खुर्ची उचलली, तुला पत्रांवर पत्रं लिहिली. एवढ्या सगळ्यात हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. तुझ्या नाही, डॉक्टर बाईंच्या नाही, त्या लांब टेबलापलीकडच्या कोणाच्याच नाही. चारशे अकरा माणसं घरी गेलीत, आपलं रक्त दोघांनी तपासलंय असं समजून. कोणाला नंतर ताप आला असेल, कोणाची कावीळ बरी होत नसेल, कोणी आता नसेलही. आणि आम्ही त्यांना ‘मंजुऱ्या’ म्हणत होतो.

मी म्हटलं, ‘नाही. कोणी कळवलं नाही.’

ती म्हणाली, ‘मग कागद आणा.’

आम्ही तिथेच अर्ज लिहिला. त्या चारशे अकरा जणांना इस्पितळाने पत्र पाठवावं, बोलावून तपासावं, आणि जे येऊ शकणार नाहीत त्यांच्या घरी माणूस पाठवावा. यादी तुझ्या लाखेच्या पाकिटांत आहे हे तिला मी सांगितलं. इस्पितळ ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ म्हणू शकणार नाही हे ऐकून ती पहिल्यांदा थोडी सैल झाली. तू खातं समूळ काढलं असतंस तर आज कोणती मंजुरी खोटी ते ओळखायला काही उरलं नसतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, ‘त्या पोरीला माझा नमस्कार सांगू नका. एवढं सांगा, की बरं झालं.’ तिचे शब्द तसेच पोचवतेय.

अर्ज कुठे द्यायचा ते मी विचारून घेतलं. रुग्णांच्या तक्रारी मुख्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, कक्षप्रमुखांच्या हातात द्याव्या लागतात. आपलेच ते. टपालाने पाठवला तर विचाराधीन होईल, म्हणून सोमवारी दहा वाजता मी स्वतः जाणार आहे. तीही येतेय. जिना चढायला वेळ लागेल तिला, पण साहेबांना आम्ही वेळ देऊ.

आत्या